ना हरकत आणि थ्री-पिन

गाडीतळ ते मगरपट्टा हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धत हडपसरात केव्हाच मोडीत निघाली. इथे अंतर सिग्नलमध्ये मोजतात. सोलापूर रस्त्यावर ताटकळताना पेट्रोलची गाडी जागच्या जागी पैसे जाळत असते. विजेची स्कूटर गप्प उभी असते. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हल्ली ट्रॅफिकचा फारसा राग येत नाही. तो ते सोसायटीच्या मीटिंगसाठी राखून ठेवतात.

कारण गाडी रस्त्यावर पळत असली, तरी तिचा खरा खडतर प्रवास मीटरच्या पेटीपासून पार्किंगपर्यंतचा. ससाणेनगर, भेकराईनगरकडच्या जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये बिल्डरने दोन बल्ब आणि पाण्याच्या पंपाचा एक स्विच दिला, आणि तेवढ्यात सगळ्यांचं भागत होतं. आता त्याच भिंतीवर पंधरा अँपिअरचा सॉकेट हवा. मग वायर कुणाच्या मीटरवरून? ती कुणाच्या खिडकीवरून जाणार? जानेवारी २०२२मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सांगून टाकलं, की घरच्या वीजजोडणीवरच गाडी खुशाल चार्ज करा. दिल्लीची परवानगी अशी मिळाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची यायची आहे.

काकांचं म्हणणं साधं असतं. "आज स्कूटर लावाल, उद्या कार आणाल, परवा आमचा फ्रिज बंद पडेल." त्यावर तळमजल्यावरची मुलगी शांतपणे विचारते, "काका, लिफ्ट कॉमन मीटरवर चालते. मी आजवर कधी काही बोलले का?" मीटिंगमध्ये पुढची पाच मिनिटं सगळे चहाचे कप न्याहाळतात.

ठराव होईपर्यंत काही जण आपला मार्ग शोधतात. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नारिंगी वायर खाली सोडलेली असते; ग्रिलला दोन गाठी, पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीला वळसा, आणि पावसासाठी जोडावर दुधाची पिशवी रबरबँडने बांधलेली. हे बघून वायरमन कपाळाला हात लावतो. आपल्या मीटरवरून स्वतंत्र लाइन, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, एवढं त्याचं मागणं असतं. ते रास्तही असतं आणि खर्चिकही.

पुण्याला स्कूटरसाठी थांबायची सवय जुनी आहे. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. मिळाल्यावर ती सकाळी सुरू होईना, म्हणून तिला एका अंगाला तिरपी करून किक मारली. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये तीच चेतक विजेवर आणायचं जाहीर झालं आणि पुढच्या जानेवारीत पहिल्याप्रथम पुण्यात आणि बेंगळुरूत ती विकायला आली. आता तिरपी करायला नको, किक नको. फक्त गेल्या रात्री प्लग लावला होता का, एवढं आठवायला हवं.

घरोघरी नवी गणितंही सुरू झाली आहेत. साधारण तीन युनिटांत स्कूटर भरते, हे ऐकून माणूस हुरळतो. पण घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपुढे चढतो, तीनशेपुढे आणखी चढतो. मग मे महिन्यात एसी की स्कूटर, यावर नवरा-बायकोची वाटाघाट होते. बुधवारी रात्री चार्जिंगला विशेष भाव येतो, कारण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा पुण्यातला वार गुरुवार. भेकराईनगरच्या डेपोत २०१९पासून पीएमपीच्या ई-बसही चार्जिंगला लागतात. त्यांना निदान काकांची सही लागत नाही.

एक मात्र झालं. पंपावरच्या रांगेत आपल्या पुढे कोण होतं, हे कधी कुणी पाहिलं नाही. आता कुणाची गाडी कितीला लागते आणि कुणाचं बिल किती आलं, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. इंधन घरात आलं आणि त्याला घरचे नियम लागले: विचारून घ्यायचं, वाटून वापरायचं, काम झालं की बटण बंद करायचं. तेलवाल्या देशांची मर्जी सांभाळणं त्या मानाने सोपं होतं. ते रोज जिन्यात भेटत नसत.