पाटलांचं पोट

आमच्या घरात पोट हा खासगी विषय नाही. बाबांना सकाळी साफ झालं की नाही हे चहाच्या आधी सगळ्यांना कळतं. नाही झालं तर फोनवरून तुमसरच्या आत्यालाही कळतं. ससा मात्र या बाबतीत फार घुमा. रानात जो दुखणं दाखवतो त्याला कोल्हा आधी उचलतो. म्हणून पोटात कितीही कळ येवो, ससा साळसूद चेहऱ्यानं कोपरा धरून बसतो. आमचे पाटील तसेच बसले होते.

पाटील म्हणजे आमचा पांढरा ससा. ऐट आणि कामाचा कंटाळा पाहून बाबांनी हे नाव ठेवलं. गल्लीच्या टोकाला खरेखुरे पाटील राहतात, याचा त्यांनी विचार केला नाही.

महिना मे, वर नवतपा, आणि सुट्टीला आलेली भाचरं. सशाला ऊन सोसत नाही म्हणून कूलरपुढची जागा पाटलांची होती. पण भाचरांनी मायेपोटी त्यांना बिस्किटं चारली, मुरमुरे चारले, लग्नातून आलेली बुंदीही चारली. सशाचं पोट चालतं गवतावर. चोथा कमी पडला की आतडं मंदावतं, गॅस धरतो. दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. त्यात सशाला उलटी करता येत नाही. एकदा आत गेलेला माल मागच्याच दारानं बाहेर पडायचा.

सकाळी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी जशीच्या तशी पडलेली आणि पिंजरा स्वच्छ! धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. एरवी त्या झाडताना कुरकुरणारी आई त्या दिवशी रिकामा पिंजरा पाहून हवालदिल झाली.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बेंबीले हिंग लावा ना जी." त्या केसाळ पोटावर बेंबी शोधायची कुणी, यावर एकमत झालं नाही. बाबांनी स्वतःचा इनो पुढे केला. आत्या फोनवरून म्हणाली, "नजर लागली बाप्पा त्याले," आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायला लावल्या.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या पुढे एक म्हैस होती, मागे दोन शेळ्या. डॉक्टरांनी विचारलं, "वजन किती?" औषध वजनावर ठरतं. त्यामुळे शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर, साबुदाणा उतरवून, पाटील चढले. डॉक्टरांनी पोट चाचपलं, आत कुठे अडकलेलं नाही याची खात्री केली, दुखणं थांबायचं औषध दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि म्हणाले, "आता याला भरवा."

सशाला भरवणं ही दोघांची कामगिरी. एकानं त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचं. दुसऱ्यानं बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, बाजूच्या मोकळ्या फटीतून आत सरकवायची आणि भिजवून वाटलेलं खाद्य थेंबाथेंबानं सोडायचं. घाई केली तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका. पाटील दोन घास गिळत, तिसरा गालात साठवत आणि चौथ्याला मान झटकून सगळा ऐवज बाबांच्या बनियनवर उडवत. हनुवटीला हिरवी दाढी आणि डोळ्यांत जमीनदारी अपमान!

भरवून झालं की पोट हलक्या हातानं चोळायचं आणि वाट पाहायची. याच काळात आई दारात उभी राहून मोठ्यानं फोनवर म्हणाली, "पाटलांना कालपासून झाली नाही." संध्याकाळी गल्लीच्या टोकाचे खरे पाटील तावातावानं आले. खुलासा झाल्यावर बसले, चहा घेतला आणि जाताना एरंडेल सुचवून गेले.

पहिली लेंडी पहाटे पडली. मिऱ्याएवढी, वेडीवाकडी. बाबांनी ती टॉर्चच्या उजेडात सगळ्यांना दाखवली. बारावीच्या निकालालाही आमच्या घरी इतका आनंद झाला नव्हता.

पाहायला आलेल्या आत्यानं मात्र बरे झालेले पाटील स्वतःच्याच मऊ लेंड्या चाखताना पाहिले. सशांची ही रीतच आहे. आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेली जीवनसत्त्वं त्यांना अशीच मिळतात. आत्या म्हणाली, "बाप्पा! अन् हा मा वरनाले नाक मुरडते!"

आता घरी टिमोथी गवताचं पार्सल येतं. धानाच्या जिल्ह्यात, जिथं तणसाचे ढीग रचलेले असतात, तिथं आम्ही जय श्रीराम तांदळाच्या वरच्या भावानं गवत विकत घेतो, हे पोस्टमनला अजून पटलेलं नाही. पण तणसात कस नसतो, आणि पाटील कसाचे दर्दी आहेत.

तुमच्या घरी ससा असेल तर एवढं करा. ताटलीत गवत जास्त ठेवा, बिस्किटं पाहुण्यांना द्या. ससा दहा-बारा तास खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टर गाठा. कपाटात उरलेलं अमोक्सिसिलिन मुळीच पाजू नका. माणसाला बरं करणारं हे औषध सशाच्या पोटातले कामाचे जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकतं. आणि ओवा, हिंग, इनो, एरंडेल हे सगळं जपून ठेवा. बाबांना लागतं.