बोराटीवरचा खाटीक

"ओ काकू, तुमच्या नातवाले आवरा न! आमच्या बोराटीच्या काट्यांत नाकतोडे टोचून राहिला तो. आज तर सरडा लटकवला!"

"नातवाचं नाव नको घेऊ बाई, तो गेला तुमसरले, मामाकडं. त्या तारेवर पाह्य. राखी डोकं, तांबूस पाठ, डोळ्यांवर दरोडेखोरावानी काळी पट्टी. तो खाटीक तुझा आरोपी."

"तो? साळुंकीएवढा बी नाही!"

"धान कापलं का बांधीतले नाकतोडे उघडे पडतात, मग त्याची दिवाळी. उंदराचं पिल्लू, पाल, लहान पाखरू, काही सोडत नाही."

"पण टोचते काहून? खावं न निमूट!"

"चोच शिकऱ्याची, पाय चिमणीचे, असं आहे त्याचं. शिकरा पंज्यात दाबून फाडते. याच्या पंज्यात तेवढा जोर कुठं? मग काटा धरून ठेवते अन् हा लचके तोडते. उरलं ते तिथंच राहते, भूक लागली का परत हजर."

"तुम्हाले बरं ठाऊक!"

"आमच्या यांना पाखरांचा नाद न. नवेगाव बांध आपल्याच जिल्ह्यात होतं, १९९९ ले गोंदियात गेलं. तिथं मारुती चितमपल्ली साहेब वनाधिकारी होते, त्यांची पुस्तकं वाचून हा नाद लागला. परवा यांनीच सांगितलं, अमेरिकेतला खाटीक विषारी नाकतोडा एक-दोन दिवस काट्यावरच ठेवते, विष उतरलं का मग जेवते. अन् इस्राएलच्या नेगेव वाळवंटात ज्याची कोठी भरलेली, त्याच्याशीच मादी संसार मांडते."

"मायबाई! आमच्या सासऱ्यांसारखंच झालं हे. नणंदेले स्थळ आलं तर आधी एकर विचारले, मग पोराचं नाव."

"नकल्या बी आहे मेला. सकाळी टिटवी ओरडली म्हणून मी बाहेर आली, तर हाच!"

"आमचे हे तर बोराटी तोडून काटेरी तार लावतो म्हणतात."

"लावू दे. तारेच्या काट्यावर बी टोचते तो. त्याचं काही अडत नाही, अन् नाकतोडे कमी झाले तर तुमचंच भलं. बरं, ते जाऊ दे. नणंदेचं जमलं का मग?"

"कुठचं काकू! सासरे अजून सातबाराच पाहून राहिले."