टाँग टेस्टरवाले नाना

सोसायटी कुठलीही असो, तिथे एक नाना निघतातच. कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त, सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि हातात टाँग टेस्टर. आपण म्हणतो, “नाना, बसा.” ते म्हणतात, “गीझर किती वॉटचा?” दोन हजारांचा म्हटलं की डोळे मिटून उत्तर येतं, “भागिले 230, म्हणजे 8.7 अँपिअर. आता 230 ला 8.7 नं भागा. साडेसव्वीस ओहम!” या साडेसव्वीस ओहमचं आपण काय करायचं ते नाना सांगत नाहीत. आपणही विचारत नाही, कारण विचारलं की चहा गार होतो.

वहिनींची तक्रार एवढीच असते की पाणी तापत नाही. नाना बोर्डात प्रोब घालतात. “वहिनी, गीझर निर्दोष आहे. व्होल्टेज 200 वर आलंय. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार. तुमच्या वाट्याला उरले दीड हजार वॉट.” वहिनींना गरम पाणी हवं असतं, मिळतं ते कारण.

जुन्या 60 वॉटच्या बल्बवर मात्र नाना हळवे होतात. हिशोबानं त्याचा रेझिस्टन्स 882 ओहम. पण थंड बल्बला मल्टिमीटर लावला तर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही दाखवत नाही. तार तापली की रेझिस्टन्स चढतो, हे सांगताना त्यांचा चेहराही जरा तापतो. पंखा, फ्रिज आले की पॉवर फॅक्टर मधे येतो, नुसत्या गुणाकारावर भागत नाही; तिथे नानांचा आवाज किंचित खाली येतो.

कमिटीशी त्यांचं जुनं वाकडं. ओहमनं 1827 साली पुस्तक लिहिलं, जर्मनीत कुणी फारसं विचारलं नाही. 1841 त लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं. “त्या सोसायटीला चौदा वर्षांनी कळलं. या सोसायटीला कधी कळायचं?” हा प्रश्न दर वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतो.

गणपतीत पाचशे वॉटचे आठ हॅलोजन कॉमन मीटरवर लागले, तेव्हा नाना मंडपात उभे राहिले. “चार हजार भागिले 230. 17.4 अँपिअर. एमसीबी 16 ची!” अध्यक्ष म्हणाले, “मागच्या वर्षी चाललं होतं.” आरती सुरू झाली. सगळ्यांचा एक डोळा बाप्पावर, एक एमसीबीवर. ती पडेना. पोरं हसायला लागली. नाना शांतपणे म्हणाले, “16 ची एमसीबी 18 पर्यंत तासभर दम धरते. नियमच आहे तसा.” हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, कोण जाणे.

तेवढ्यात कुणीतरी त्याच बोर्डावर कॉफीची दीड हजार वॉटची किटली लावली. नानांनी तारेभोवती टाँग अडकवली, आकडा वाचला, आणि घड्याळ बघून खुर्ची ओढून बसले. “दीडपट झाला. आता तासाच्या आत.”

मंत्रपुष्पांजलीला लाईट गेली.

“तेवीस पूर्णांक नऊ!” अंधारातून नानांचा आवाज आला.

“नाना, ते राहू द्या, बटण वर करा,” अध्यक्ष ओरडले.

नानांनी आधी किटली काढायला लावली.