टॅब सांगतो, कपाट ऐकत नाही

शहरातल्या एका ग्रंथालयात परवा ग्रंथपाल हातात टॅब घेऊनच पुढे आले. पुस्तकाचं नाव टाकलं आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : 'उपलब्ध'. कपाट, खण, वर्गांक, सगळं बिनचूक. खणाशी गेलो तर तिथे दोन जुने दिवाळी अंक आणि एक पाल. टॅब मात्र 'उपलब्ध'वर ठाम!

वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय. तेव्हा टॅब नव्हता, एवढाच काय तो फरक.

आता हे यंत्र पुणे जिल्ह्यातल्या राहूसारख्या गावीही यावं म्हणतात. येऊ द्या की. राहू बेटात बिबट्या कोणाच्या उसात शिरला, हे व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत कळतं. मग कादंबरी कोणत्या कपाटात शिरली, हे कळायला काय हरकत आहे? पण गावच्या वाचनालयात ग्रंथपाल हाच सर्व्हर असतो. कोणतं पुस्तक कोणाच्या उशाशी दोन वर्षं पडलंय, हे त्याला तोंडपाठ. चार्जिंग लागतं ते फक्त चहाचं.

राज्याच्या १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळतं. त्या तुटपुंज्या अनुदानातच पुस्तकं, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार. टॅब जरूर द्या साहेब, पण आधी तो धरणाऱ्या हाताला पोटापुरता पगार द्या.