मिडल-अर्थमधील वादस्थळांचा अभ्यास कसा करावा

टोल्किनच्या मिडल-अर्थचा अभ्यास बाल्रॉग या अग्निदैत्याच्या पंखांपासून सुरू करावा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या पुलावर त्याच्याभोवतीची सावली आधी दोन अवाढव्य पंखांसारखी पसरते. पुढच्या काही ओळींत त्याचे पंखच एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातात. अभ्यासकाने यांपैकी एकच वाक्य पाठ करावे; दोन्ही पाठ असली की ठाम मत बनत नाही. पंख होते तर तो पुलावरून दरीत पडला कसा, असे प्रतिपक्ष विचारतोच. दरीत पंख उघडायला जागा नव्हती, असे बेधडक सांगावे. पूल पन्नास फुटांचा असल्याचे पुस्तकातच दिलेले आहे, पण तिथवर सहसा कोणी जात नाही.

खलनायक सॉरॉनचे प्रकरण सोपे आहे. तो मनोऱ्यावरचा जळता डोळा, ही समजूत पीटर जॅक्सनच्या चित्रपटांनी पक्की केली. पण त्याच्या काळ्या हाताला चारच बोटे असल्याचे गॉलम हे पात्र पुस्तकात सांगते. हे वाक्य चित्रपट संपताच, दिवे लागायच्या आत उच्चारावे.

खरा कस ‘द हॉबिट’मध्ये लागतो. 1937च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठी पणाला लावतो, हरतो आणि ती सापडत नाही म्हणून कथानायक बिल्बोची चक्क माफी मागतो. पुढे हीच अंगठी सर्वनाशी ठरल्यावर असा सज्जन गॉलम परवडेना. 1951च्या आवृत्तीत टोल्किनने प्रकरण बदलले आणि जुनी हकिकत ही बिल्बोने मारलेली थाप ठरवली. लेखकाची विसंगती पात्राच्या माथी मारण्याची ही युक्ती अभ्यासकाने आत्मसात करावी. इतकी निर्लज्ज आणि इतकी देखणी सारवासारव साहित्यात क्वचितच सापडते.

टॉम बॉम्बाडिल हे गूढ पात्र कोण, यावर मात्र कितीही वर्षे घालवता येतात. तो देव, निसर्ग की खुद्द लेखक, यांतले काहीही निवडावे. टॉमला आपण जाणूनबुजून कोडे ठेवल्याचे टोल्किनने 1954च्या एका पत्रात लिहिले आहे. हे पत्र चर्चेत आणू नये. टॉमचा जन्म टोल्किनच्या मुलांच्या एका बाहुलीतून झाला, हे तर मुळीच सांगू नये.

खलनायकांच्या फौजेतले ऑर्क कुठून आले, याबाबत टोल्किनचेच मत वेळोवेळी बदलत गेले, त्यामुळे तिथे कोणतीही बाजू घेतली तरी आधार सापडतो. हा आधार टोल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर याने 1983 ते 1996 दरम्यान संपादित केलेल्या वडिलांच्या लेखनाच्या बारा खंडांत शोधावा आणि खंडाचा क्रमांक सांगून पृष्ठाचा क्रमांक सांगायचे टाळावे.