दोन चलांचे गणित

कराडला खेटून असलेल्या मलकापुरात पाण्यासारख्या साध्या व्यवहारात गणित घुसवले, हे वाईटच झाले. पाइपांचे जाळे, चढउतार, दाब, मागणी सगळे आधी संगणकाच्या प्रतिमानात घातले. मग घरोघरी मीटर, जास्त वापराला चढता टेलिस्कोपिक दर. परिणाम? पाणी 24 तास. पहाटेचे हंडे थंडावले, व्हॉल्व्हमनचा रुबाब गेला, नळाला मोटर लावण्याची कला लयाला चालली.

आमच्या शहराचे प्रतिमान अधिक प्रगल्भ. त्यात चल दोनच: नगरसेवकाच्या घरापासूनचे अंतर आणि निवडणुकीला उरलेले दिवस. दोन्ही जितके कमी, तितकी धार मोठी. उत्तर आजवर चुकलेले नाही, आणि त्याला संगणकही लागत नाही.

मलकापूरच्या सूत्रात ही दोन्ही पदे नाहीत, हे पाहून आमचे अभ्यासपथक हळहळले. पथकाने फोटो काढले, वाटेत कंदी पेढे घेतले आणि एकमताने अहवाल दिला: योजना उत्तम, पण आपल्याकडे गैरलागू, मीटर बसवल्यास पाणी कुठे जाते ते कळण्याचा धोका संभवतो.

पुढचा अभ्यासदौरा उन्हाळ्यात आहे. टँकरचे टेंडर मात्र निघाले.