बर्फातले वस्त्रहरण

केदारकंठ्याला जाऊन आलेला पुण्या-मुंबईचा माणूस बर्फाबद्दल बोलतो, स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछबद्दल बोलतो, सूर्योदयाबद्दल तर समोरचा उठून जाईपर्यंत बोलतो. दिवसभर त्याने प्रत्यक्षात काय केले, याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. माझे म्हणणे असे, की हिवाळ्यात हिमालय चढणाऱ्याचा मुख्य उद्योग कपडे घालणे आणि काढणे हा असतो. डोंगर तो फावल्या वेळात चढतो.

केदारकंठ्याचे शिखर सुमारे ३८०० मीटर उंच. चढाई ज्या सांक्री गावापासून सुरू होते, तेच मुळी आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्यापेक्षा वर वसलेले. शिखराच्या दिवशी रात्री दोन-तीनलाच निघतात. सूर्योदय गाठायचा असतो, शिवाय ऊन चढून बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत उतरायला लागायचे असते. त्या वेळी पारा शून्याच्या खाली, म्हणून अंगावर थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाकीट, सर्वांवर वारा अडवणारे आणखी एक. नडग्यांवर गेटर, बुटांखाली मायक्रोस्पाइक. बोहल्यावरच्या नवरदेवालाही इतके नटवत नाहीत. मग चढ लागतो आणि घाम फुटतो. घाम मुरू द्यावा, तर थांबल्यावर तोच अंगावर गार होऊन हुडहुडी भरवतो. म्हणून जाकीट काढायचे. त्यासाठी सॅक उतरवायची, सॅकचा पट्टा सोडायला हातमोजे काढायचे, मोजे काढले की बोटे बधिरतात, आणि बधिर बोटांनी चेन सापडत नाही. सापडते तोवर माणूस गारठलेला असतो, म्हणून जाकीट पुन्हा चढवायचे. लघुशंकेचा विषय सभ्यपणे वगळतो. एवढेच सांगतो, की ज्याने हे थर शोधले त्याने चहा शोधलेला नव्हता.

कोणी म्हणेल, पण माथ्यावरचे दृश्य? दृश्य आहेच. पण श्वासाच्या वाफेने गॉगल धुरकटतो आणि तो काढायची सोय नाही, कारण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. फोटो काढावा, तर थंडीने फोनची बॅटरी मान टाकते. ती टिकावी म्हणून फोन सगळ्यात आतल्या खिशात ठेवलेला असतो. म्हणजे पुन्हा कपडेच.

याहून वजनदार आक्षेप असा, की सांक्रीचे लोक लोकरी कोट-टोपीत तोच चढ चढतात, तेही दुसऱ्यांचे ओझे घेऊन. त्यांना का नाही ही कसरत? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो माझ्याच पारड्यात पडतो. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते, हा एक भाग. खरी मेख चालीत आहे. ही माणसे एका संथ लयीत चालतात. घाम अंगावर धरेल इतकी घाई नाही आणि गारठायला होईल इतका थांबा नाही. आपण दहा पावले दौडतो, मग काठीवर रेलून फुप्फुसांची विचारपूस करतो. साडेतीन हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, हे आपल्याला दर दहा पावलांनी नव्याने कळते.

मग सावकाश चाला, असा सल्ला लगेच येईल. सल्ला रास्त आहे. पण सावकाश चालायचे ठरवले, तर गाइड मंडळी रात्री दोनऐवजी एकला उठवतात, आणि एकची थंडी म्हणजे आणखी एक थर.